तापलेली काच, झेंडूचं पाणी

दोन हजार एकोणीस साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. वय आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून माणसं म्हणतील, पोरवयातला रुसवा दिसतोय. तसं नव्हतं. तो पांढऱ्या केसांवरचा होता आणि अकरा वर्षं जुना होता.

आज पुन्हा घट बसलेत. पाऊस गेलाय, पण भिंतींच्या अंगात ओल अजून आहे. सकाळी नऊला ऊन असं चढतं की आमच्या राहनाळ गावातल्या गोदामांचे पत्रे कडकड वाजायला लागतात. दोन गोदामांच्या मधे कुणाचं तरी अर्धा एकर भात राहिलंय, ते पिवळं पडू लागलंय. ट्रकच्या धुरातूनही त्याचा वास नाकाला बरोबर सापडतो. यमुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, गोधड्या अंगणातल्या तारेवर टाकल्या, लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवली आणि बरणीशेजारी गोणपाट अंथरून त्यावर मशीन ठेवलं. गोधडी, लोणचं आणि मशीन, तिघंही एका ओळीत शेकत बसलेत. मी ओट्यावर बसून बघतोय. दरवर्षी बघत आलो. बघणं आणि दिसणं यात फरक असतो, हे मला त्या एका आश्विनात कळलं.

मशीन म्हणजे माझ्या गिटारचा अँप्लिफायर. जुना, व्हॉल्व्हचा. हल्लीचे डबे बटण दाबलं की लगेच ओरडतात. याच्या पोटात काचेच्या चार नळ्या आहेत, तीन बारक्या आणि एक मोठी, माझ्या अंगठ्यापेक्षा जाड. त्यांना आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. बटण दाबलं की आधी काहीच होत नाही. मग काचेच्या आत एक तांबूस ठिणगी जागी होते, राखेतला निखारा फुंकल्यावर होतो तशी. लाकूड कोमट होतं. तापलेल्या धुळीचा, जुन्या व्हार्निशचा आणि थोडा कापराचा असा एक वास सुटतो. चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ थांबायचं, आणि मग तारेला नख लावायचं. जो आवाज येतो त्याला ऊब असते. मी चौथी शिकलेला माणूस आहे, मला यापेक्षा नीट सांगता येत नाही. नव्या डब्यांचा आवाज कानाला लागतो, याचा छातीला लागतो.

हे मशीन विकत मिळालेलं नाही. एकोणऐंशी साली उस्मानभाईनं बनवलं. मी तेव्हा भिवंडीत लूमवर होतो, बारा तासांची ड्युटी. खटाखट खटाखट, दिवसभर कानात तोच ताल. शिफ्ट सुटली तरी तो सुटायचा नाही. म्हणूनच बहुतेक मला गिटार लवकर बसली. ताल आधीच अंगात होता, वर फक्त सूर ठेवायचा होता. कारखान्याच्या मागच्या गल्लीत उस्मानभाईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तेव्हापासूनच चष्म्याला दोरी बांधलेला. एका मेलेल्या रेडिओचे आणि एका मंडळाच्या जळक्या भोंग्याच्या मशीनचे अवयव काढून त्यानं हे जुळवलं. पेटी केली मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानाची. उचलायला कडी पाहिजे होती. मी माझ्या लूमवरचा झिजलेला धोटा आणून दिला. धोटा म्हणजे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळतो तो लाकडी तुकडा. त्याचीच कडी बसवली. आजही मशीन उचललं की हाताला तोच गुळगुळीतपणा लागतो, लाखो फेऱ्या मारून आलेला.

मशीन हातात देताना उस्मानभाईनं बजावलं होतं, "पाटील, ये रेडिओ नहीं है, भैंस है. अपने टाइम पे उठेगी, अपने टाइम पे बैठेगी. जबरदस्ती करेगा तो लात मारेगी."

मग नियम सांगितले. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय चालू करायचं नाही. वाजवून झालं की गार होईस्तोवर जागचं हलवायचं नाही. टेम्पोतून न्यायचं तर व्हॉल्व्ह काढून कापसात गुंडाळून न्यायचे. मागचं झाकण उघडं ठेवायचं नाही, आणि झाकणाच्या आत बोट तर घालायचंच नाही, प्लग काढला तरी आत करंट दबा धरून बसलेला असतो. पाणी शंभर हात लांब.

हे सगळे नियम मी चाळीस वर्षं पाळले, असं मी सगळीकडे सांगायचो. खरं म्हणजे मी दोनच पाळत होतो. चालू करणं आणि बंद करणं.

आता दोन हजार आठची गोष्ट सांगतो, म्हणजे रुसवा कळेल. मशीन घरघर करायला लागलं होतं. मी ते रिक्षात घालून उस्मानभाईकडे नेलं. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्यानं झाकण काढलं. मग चष्मा कपाळावर घेतला. आत धुळीचा कण नव्हता. प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडाशी स्वच्छ पुसलेलं होतं, गंज नव्हता. कोपऱ्यात मलमलीच्या चिंधीत कापराच्या वड्या बांधून ठेवल्या होत्या, झुरळ आणि ओल लांब राहायला.

"ये कौन करता है?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणालो. ठामपणे म्हणालो.

"तू?" उस्मानभाई एवढा हसला की दोरीचा चष्मा नाकावर येऊन आदळला. "अरे, तुझे फ्यूज कहाँ है वो नहीं मालूम. ये चिंधी की गाठ देख. ये औरत के हाथ की गाठ है. मशीन भाभी संभालती है, और नाम पाटील का!"

गिऱ्हाइकं हसली. एक जण तर माझ्याच गावचा होता. मी स्क्रू अर्धेच आवळले, मशीन उचललं आणि बाहेर पडलो. घरघर कशानं होती ते विचारायलाही थांबलो नाही. ती पुढे आपोआप गेली. मी नाही गेलो. अकरा वर्षं त्या गल्लीचं तोंड बघितलं नाही. कल्याण नाक्याला उतरून वळसा घालून जायचो. घरी यमुनेलाही कधी विचारलं नाही की ती गाठ तुझी का. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर मला नको होतं.

तर, दोन हजार एकोणीसचा आश्विन. आमच्या गावदेवीच्या देवळासमोर दसऱ्याच्या दुपारी, सोनं लुटायच्या आधी, देवीच्या आरतीची चाल मी गिटारवर वाजवतो. मशीन आलं त्या वर्षापासून. मधे मी वाजवायचो ती बेंजो पार्टी मोडली, लूम सुटलं, शेतावर गोदाम उभं राहिलं, पण हे चुकलं नाही. गावाला मी एवढ्याचपुरता आठवतो आणि मला तेवढं पुरतं. त्या वर्षी माझा पुतण्या प्रकाश मंडळाचा अध्यक्ष झाला होता. त्याचा साऊंड सर्व्हिसचा धंदा, माणसापेक्षा उंच स्पीकर. घटस्थापनेच्या दिवशी तो अंगणात आला, चपला न काढता.

"काका, यंदा आरती ट्रॅकवर लावू काय? तुमची पेटी म्हातारी झाली. भर देवीसमोर बंद पडली तर माणसं मला बोलतील."

"म्हातारी पेटी हाय का मी हाय?"

"दोघंबी," तो हसत म्हणाला. मनानं वाईट नाही पोरगा. पण मला लागलं.

"आयक," मी म्हणालो, "दसऱ्याला मशीन वाजलं न्हाय, तर पुन्हा गिटार घेऊन देवळाची पायरी चढणार न्हाय. देवीच्या तोंडावर सांगतो."

आतून यमुनेचा आवाज आला, "शपथा कशाला घेता वं? मशीनला काय कळतंय तुमच्या शपथंचं?"

मी शपथ मागे घेतली नाही. मागे घ्यायची सवयच नव्हती.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, कुदळ, भाजी चिरायची पावशी, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. लूमवर होतो तेव्हा त्या दिवशी कारखाना बंद ठेवायचे. वर्षभराची खटखट एकदम थांबली की कान भरून यायचे. आता गोदामातल्या फोर्कलिफ्टना हार घालतात. आमच्या घरात कोयत्याच्या शेजारी मशीनची जागा असते. यमुना दरवर्षी त्याच्या लाकडावर कुंकवाचं बोट ओढते आणि झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडते. मशीन बंद असतं, झाकण लावलेलं असतं. दोन थेंब सागवानावर पडतात आणि सुकून जातात. चाळीस वर्षं असंच.

त्या सकाळी मी लवकर उठलो. दुसऱ्या दिवशीची धास्ती होती. मशीन अंगणात घेतलं, उकाडा वाटत होता म्हणून आत वारा जावा असा विचार करून मागचं झाकण काढलं, चालू केलं आणि आवाज शून्यावर ठेवून तापू दिलं. मग गिटारची तार बदलायला ओट्यावर बसलो. कुणाला काही सांगितलं नाही. माझं मशीन, मी कुणाला कशाला सांगू?

आश्विनाच्या उन्हात व्हॉल्व्हचा निखारा दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत जो लालबुंद वाटतो तो अंगणात नुसती काच वाटते. यमुना तबक घेऊन आली. विळ्याला कुंकू, कोयत्याला कुंकू. मशीनपाशी वाकली, झेंडू तांब्यात बुडवला आणि नेहमीसारखा झटकला.

टिच्.

एवढाच आवाज. अंगठ्याचं नख मोडावं तेवढा. मी मान वर केली तोवर मोठ्या व्हॉल्व्हवर केसासारखी रेघ गेली होती. काचेच्या माथ्यावर आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो माझ्या डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा पडला. हवा आत शिरली की तसं होतं. माणसाचे डोळे पांढरे होतात ना, तसं. मी प्लग ओढला. उशीर झाला होता.

मी काय बोललो ते लिहितो, कारण लपवलं तर या लेखाला अर्थ नाही. मी म्हणालो, "चाळीस वर्षं मी जपलं आणि तू एका फुलात घालवलंस. पुन्हा माझ्या वस्तूला हात लावायचा न्हाय."

यमुनेनं तबक खाली ठेवलं, पदरानं हात पुसले. मशीन गार व्हायची वाट बघत तिथेच उकिडवी बसली. मग फुटका व्हॉल्व्ह अलगद काढून घेतला आणि आत गेली. मी तेव्हाही बघितलं नाही की तिनं तो किती सरळ, किती सहज काढला.

त्या दुपारी मी दोन ठिकाणी फिरलो. पडघ्याला एक जुना भोंगेवाला होता, त्यानं हात वर केले. मानकोलीच्या भंगारवाल्याकडे रेडिओच्या सांगाड्यांचा ढीग होता, त्यात बारके व्हॉल्व्ह होते, मोठा नव्हता. संध्याकाळी घरी आलो तर यमुना भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उस्मानभाईंकडं जा."

"जाणार न्हाय."

"मग देवळात काय तोंड वाजवणार?"

जेवताना ताट माझ्यासमोर आलं, आवाज आला नाही. घरात चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला लूम बंद पडल्यासारखं वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी मी गिटार पिशवीत घालून पिशवीची चेन लावत होतो. प्रकाशला सांगायचं ठरवलं होतं, लाव बाबा तुझा ट्रॅक. तेवढ्यात यमुनेनं तांदळाचं पिंप ओढत ओढत माझ्यासमोर आणलं. झाकण काढलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. आत चाचपत राहिली. मला वाटलं, दसऱ्याचे पाहुणे यायचेत, तांदूळ काढतेय. हात वर आला तो एक गाठोडं घेऊन. लूमवरच्या सुताच्या कचऱ्याचं गाठोडं, वर मलमलीची चिंधी, चिंधीला गाठ. तीच गाठ.

आत व्हॉल्व्ह होता. मोठा. काच अशी की दिवाळीला घासलेलं भांडं. माथ्यावरचा डाग चकचकीत, त्यात मला माझं तोंड दिसलं.

"हा कुठनं?" मी विचारलं.

"उस्मानभाईंनी दिलाय. तुम्ही भांडून आलात त्याच्या पुढल्या बाजाराला."

यमुना तेव्हा भिवंडीच्या बाजारात भेंडी घेऊन बसायची, उस्मानभाईच्या गल्लीच्या तोंडाशीच. मला ते माहीत होतं. पण तो दर बाजाराला तिच्याकडूनच भाजी घेतो आणि तिला वहिनी मानतो, हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

"म्हणाले, भाभी, हा शेवटचा हाय, रख लो. उस घमंडी को मत बताना, नाक के मारे फेंक देगा."

"आणि तू अकरा वर्षं बोलली न्हाईस?"

"तुम्ही कधी इचारलं? फेकलाच असतात की."

असतो. खोटं कशाला बोलू.

"तांदळात का?"

"तांदूळ ओल पितो. उस्मानभाईंनीच सांगितलं. पावसाळ्यात व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, ओलं फडकं लावायचं न्हाय, बुडाचे खिळे कोरड्या ब्रशानं घासायचे. पाव किलो भेंडीमागं एकेक गोष्ट शिकले मी." मग थोडं थांबून म्हणाली, "तापलेल्या काचंवर पाणी चालत न्हाय, तेबी सांगितलं होतं. पण मशीन चालू हाय हे मला कोण सांगणार होतं?"

देवळाकडे ढोल वाजायला लागला होता.

व्हॉल्व्ह बसवायला मी हात पुढे केला. बुडाला आठ खिळे आणि मधे एक खुंटी असते, खुंटीला एक कंगोरा. तो खाचेत बसल्याशिवाय व्हॉल्व्ह आत जात नाही. मी फिरवतोय, दाबतोय, जात नाही. यमुनेनं माझ्या मनगटाला धरलं.

"जोर लावू नका. कंगोरा खालच्या अंगाला. आता सरळ. आसं."

खट्. बसला. त्या हातांनी प्रत्येक पावसाळ्यात चारही व्हॉल्व्ह काढले होते, गुंडाळले होते, दसऱ्याआधी परत बसवले होते. आणि मी दरवर्षी बटण दाबून म्हणत आलो होतो, बघा, कसं राखलंय.

तिनं झाकण लावलं, चारही स्क्रू पूर्ण आवळले. स्पीकरची वायर तपासली. मग मागे सरकून म्हणाली, "करा चालू. तुमचंच हाय ते."

दुपारी देवळासमोर प्रकाश मोबाईल हातात घेऊनच उभा होता, ट्रॅक तयार. मशीन तापेपर्यंत माणसं थांबली. आपट्याच्या पानांचे ढीग, झेंडूचा कडवट वास, बायकांच्या नव्या साड्यांची सळसळ, लहान पोरांचं "झालं का, झालं का". मी धोट्याच्या कडीवर हात ठेवून उभा राहिलो. कोमट लागल्यावर तारेला नख लावलं. नवा व्हॉल्व्ह, पण आवाज जुनाच. जाडसर, थोडा ओला, शेवटाला हळूच विरणारा. पहिली ओळ पूर्ण होईस्तोवर मी वर बघितलं नाही. बघितलं तेव्हा प्रकाशनं मोबाईल खिशात टाकला होता आणि टाळ्या वाजवत होता. यमुना बायकांच्या घोळक्यात होती. तिची नजर माझ्याकडे नव्हती. मशीनच्या मागच्या झाकणाकडे होती.

आरती संपल्यावर प्रकाश पाया पडायला आला. "काका, वाजलं की वं!"

"तुझ्या काकीला सांग," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो. पण तो गोंधळला, कारण माझ्या तोंडून असलं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सोनं वाटताना यमुनेच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. तोंडाशी शब्द आले होते, गिळले. काही माणसांची जीभ त्यांच्या हातापेक्षा जड असते. मी त्यातला.

आता ओट्यावरून बघतोय तर ती मशीनची पाठ उन्हाकडून सावलीकडे फिरवतेय. जास्त तापलं तर लाकूड तडकतं, म्हणते. तिच्या गुडघ्यांना आता वाकवत नाही, तरी वाकते. मी अनेकांचं देणं लागतो या आयुष्यात, ते देवीला ठाऊक आहे. लूमचं, ज्यानं ताल दिला. उस्मानभाईचं, ज्यानं खरं बोलून माझी अब्रू काढली आणि तरी शेवटचा व्हॉल्व्ह माझ्याच घरात पाठवला. आणि या बाईचं. आवाज माझ्या नावावर निघत राहिला आणि तिनं आत ओल येऊ दिली नाही.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, खिशात आपट्याची पानं घातली आणि यमुनेला म्हणालो, "चांगलं लुगडं नेस. भिवंडीला जायचंय. मशीनबी घ्यायचंय."

"कुठं?"

"चल तर."

रिक्षात मशीन आमच्या दोघांच्या मधे ठेवलं. कल्याण नाक्याला वळसा घातला नाही, सरळ गल्लीत शिरलो. दुकानात आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लटकलेले. मागे टेबलावर उस्मानभाई, दाढी पूर्ण पांढरी, चष्म्याला दोरी तीच. त्यानं आधी मशीन ओळखलं, मग मला.

"ग्यारह साल में रास्ता मिल गया?"

मी पानं त्याच्या हातात ठेवली. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "उस्मानभाई, मशीन जिच्या हाताखाली हाय, तिला घेऊन आलोय. काय सांगायचं असंल ते हिला सांग."

मग दुकानातलं एकुलतं एक स्टूल ओढून त्यानं यमुनेसमोर ठेवलं. झाकण उघडलं. दोन डोकी आत वाकली, एक पांढरं आणि एक पदर घेतलेलं. "भाभी, ये देखो, ये फूलने लगा है, इसको बदलना पड़ेगा." "आणि हा काळा पडलाय तो?" "वो अभी चलेगा." मलाही बघायचं होतं. मी मान घालून पुढे झालो.

यमुना वर न बघता म्हणाली, "सरका जरा बाजूला, उजेड अडतोय."

मी सरकलो.